सात गोळ्यांची कडी

बाळांनो, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — तुमच्या आजोबांनाही नाही. सुमनआत्याने संशोधन का सोडलं, असं तुम्ही पत्रात विचारलंत. मी ते तिला वाचून दाखवलं. ती हसली. "लिव गो आई, आत्याक सातापर्यंत मोजूक येणा नाय म्हणान."

ते मला लिहवेना.

जीवाणूला उष्णतेचा चटका बसला, की त्याच्यात काही प्रथिनं एकदम वाढतात. त्यातल्या एकावर ती मुंबईत प्रबंध लिहीत होती. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ते कडीसारखं दिसे — कडेने सात गोळे. इतर प्रथिनांना ते सावरत असावं, असा तिचा अंदाज. कच्च्या आकृत्या ती इथे मिठबावला पाठवी. शाईने मी काढायच्या. माझा हात चांगला — केवढा तोरा होता मला त्याचा!

वर्तुळाचे सहा भाग कंपासने होतात, आठही होतात. सात? दोन ट्रेसिंग कागद फुकट गेले. तिसरा शेवटचा होता. मी आठ गोळे काढले — सुबक, रांगोळीतल्या अष्टदलासारखे. कोण मोजतंय, असं वाटलं का मला? हो, असंच वाटलं. तिनेही मोजले नाहीत. आईने काढलेलं कशाला मोजायचं?

तिच्या मार्गदर्शकांनी मोजले. मजकुरात सात, चित्रात आठ — भर सभेत त्यांनी तिला विचारलं, यातलं खरं काय? ती घरी आली.

"आई, माज्या कच्च्या चित्रात किती गोळे होते गो?"

तो कागद माझ्या ट्रंकेत होता. त्यावर सात होते.

मी म्हटलं, "आठ."

ती म्हणाली, "मगे माज्या प्रयोगवहीतलां बाकीचां तरी खरां कशावरून?"

तेव्हा तरी बोलायचं होतं ना मी? नाही बोलले. सकाळी तो कागद न्हाणीच्या चुलीत घातला. ती मुंबईला परत गेली नाही.

आता ती इथल्याच शाळेत शिकवते. फळ्यावर काही काढलं, की स्वतः दोनदा मोजते, मग मुलांना मोजायला लावते. मुलं रस्त्याने तिची नक्कल करत जातात.

तिला अजून सांगितलेलं नाही. हे पत्र पोस्टात टाकायलाही मीच जाणार आहे.

त्या प्रथिनाचं काम काय, हे प्रकरण तिने लिहिलंच नाही. रचनेचं तेवढं लिहिलेलं आहे — बावीस पानं, तिच्या अक्षरात.