डोंगराची सुट्टी

फोनवर बोलतानासुद्धा मुकादम हातवारे करायचे. बूथच्या काचेआड उभं राहून, रिसीव्हर मानेत दाबून, पलीकडच्या व्यापाऱ्याला दोन्ही हातांनी सूत संपल्याचं दाखवायचे. त्याला कळलं नाही की वैतागायचे, "एवढं दाखवतोय तरी समजत न्हाय!"

तुम्ही कधी लूमच्या शेडमध्ये उभे राहिला असाल तर हसणार नाही. तिथल्या खडखडाटात शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी पोचत नाही, म्हणून सगळा कारभार हातांनी. धागा तुटला तर दोन बोटांची कात्री. काही नाही, संपलं, तर रिकामी मूठ उघडून झटकायची. शेठ आले तर पोटावरून मोठ्ठा गोल हात. मी त्या शेडमध्ये मेहता, म्हणजे हिशेब आणि माणसं सांभाळणारा. लूम सांभाळायचे मुकादम. बिघडलेल्या लूमवर तळवा ठेवून डोळे मिटायचे आणि "हिचं पोट धरलंय" म्हणत पाना मागायचे.

त्यांना ऐकू येत नाही, अशी कुजबूज सुरू झाली. ती चांगल्या मोठ्या आवाजात चालायची, यावरून काय ते समजा.

मी एकदा धामणकर नाक्यावरच्या कानाच्या डॉक्टरचा विषय काढला.

"मशीन लावून बघतात म्हणं," मुकादम म्हणाले. "मशीनचं मला नका सांगू मेहताजी. जलम गेला बिघडलेल्या मशिनी बघण्यात."

त्यांचं गाव गणेशपुरीच्या पलीकडे. गावामागे डोंगर, डोंगरावर तळं, तळ्यासमोर उभा कडा. त्या कड्याला हाक मारली की तो जशीच्या तशी परत देतो, असं तिथले गुराखी सांगत.

"तो माझा डॉक्टर," मुकादमांनी जाहीर केलं. "परत आलेली हाक मला ऐकू आली तर मी ठणठणीत. न्हाय आली तर दुसऱ्या दिशी पाना तुमच्या टेबलावर, आन् मी दवाखान्यात. पन साक्षीला सगळी शिफ्ट पायजे."

शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात. अशाच एका शुक्रवारी आमची सगळी शिफ्ट चपला घालून डोंगर चढायला निघाली.

माळ्याच्या शिडीपलीकडे आमच्यातलं कोणी काही चढलेलं नव्हतं. मुकादमांनी शेडचाच नियम लावला. एक कारागीर चार लूम बघतो, तेव्हा एका धडधाकट माणसाने चार धापा टाकणारे बघायचे. पण धडधाकट एकटा इद्रिस निघाला, उत्तर प्रदेशातला आमचा कारागीर. बिचारा सगळ्यांच्या मागे-पुढे पळत राहिला. घसरणाऱ्या चढावर आम्ही सगळेच हातापायांवर आलो. मुकादमांच्या पिशवीत पाना होता. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, "लागतो."

अर्ध्या वाटेवर इद्रिस एकदम थांबला. कावराबावरा होऊन चहूकडे बघायला लागला.

"मेहताजी, लाइट गई क्या?"

आम्ही सगळे थांबलो. खरंच, काहीच वाजत नव्हतं. आमच्या आयुष्यात एवढी शांतता फक्त लोडशेडिंगला व्हायची. कोणीतरी सवयीने म्हणालं, "येईल चारपर्यंत," आणि आम्ही पुढे निघालो.

वरच्या वळणावर मुकादम सगळ्यांच्या पुढे होते. ते मागे वळले आणि त्यांनी पोटावरून मोठ्ठा गोल हात फिरवला. शेठ आले! पटापट बिड्या विझल्या, शर्ट खोचले गेले. एकाने तर कामात दिसावं म्हणून दोन दगड उचलून इकडचे तिकडे ठेवले. आम्ही रांगेत माना खाली घालून उभे, आणि झाडीतून प्रचंड शिंगांची एक म्हैस आली. मुकादमांकडे म्हशीची खूण नव्हती; धोक्याची तेवढी एकच होती. म्हैस एकेकाकडे निरखून बघत रांगेसमोरून गेली. इद्रिसने तिला सलाम केला. "सलाम सेठ. सब चालू है."

तळं आलं तेव्हा हसू थांबलं. पाणी काळंभोर, पलीकडे कडा. मुकादमांनी तोंड धुतलं, टोपी नीट केली. काय हाक मारायची ते त्यांनी ठरवलं नव्हतं बहुतेक, कारण जन्मभर जे ओरडले तेच तोंडातून आलं.

"बंद कर!"

कडा लगेच म्हणाला, बंद कर. मग त्याच्या मागचा डोंगर म्हणाला. मग आणखी कुठूनतरी. पाण्यावरचे बगळे उठले.

मुकादम कान पुढे करून उभे होते. वाट बघत. मग ते आमच्याकडे वळले. पिशवीतून काढलेला पाना त्यांनी हातात घट्ट धरला होता. त्यांनी नुसती हनुवटी उडवून विचारलं: आली?

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मेहता. मी मूठ उघडली आणि झटकली. काही नाही.

शिफ्ट कशी चालते बघा. माझ्यामागे सगळ्यांच्या मुठी झटकल्या. मुकादम पुन्हा ओरडले. कडा पुन्हा गरजला, आम्ही पुन्हा मुठी झटकल्या. मग त्यांनी एकेकाला हाक मारायला लावली. कडा प्रत्येकाला चोख उत्तर देत होता आणि आम्ही शेठसमोर उभं राहावं तशा चेहऱ्याने माना हलवत होतो. शेवटी इद्रिस म्हणाला, "आज जुम्मा है ना मुकादम. पहाड़ की भी छुट्टी है."

मुकादम त्यावर जे हसले! "खरं हाय. सुट्टीच्या दिशी कशाला बोलल तो?" पाना पिशवीत गेला. खाली उतरताना ते एखाद्या पोरासारखे उड्या मारत होते.

बाकीच्यांनी दयेपोटी केलं. माझंही तसंच, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. मूठ उघडताना माझ्या डोक्यात एवढंच होतं, की लग्नसराई तोंडावर आहे, उद्या मुकादम दवाखान्यात गेले तर लूम कोण चालवणार आणि शेठच्या शिव्या कोण खाणार. आता मुकादम नाहीत म्हणून लिहितोय. असते तर कोणीतरी त्यांना वाचून दाखवायला गेलं असतं आणि तेवढ्यासाठी मी लिहिलंच नसतं.

पुढे त्या खडखडाटात मुकादमांचा उरलासुरला कानही गेला. शेवटी डॉक्टरकडे मीच नेलं. डॉक्टर तोंड माझ्याकडे वळवून म्हणाले, "यांना आवाजातून आधीच बाहेर काढायचं होतं. होतं तेवढं तरी टिकलं असतं." मुकादमांनी विचारलं, काय म्हनतोय? मी सांगितलं, वय झालं म्हणतात.

ते गावी गेले. एका कापणीच्या आधी मी एसटीने गणेशपुरीला उतरून त्यांच्याकडे गेलो, सगळं सांगून टाकायचं ठरवूनच. ओटीवर बसलो. शेडमध्ये जन्म काढलेला माणूस ओठांवरून सगळं वाचतो. ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मी उठलो, त्यांच्याकडे पाठ केली आणि शेताकडे बघत बोललो. कड्याची हाक आली होती. प्रत्येक वेळी आली होती. मला तुमच्या कानांची नाही, माझ्या शिफ्टची काळजी होती. सगळं, मोठ्याने, एका दमात.

वहिनी चहा घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या.

मुकादमांनी माझ्या खांद्याला हात लावला. "शेताशी काय बोलताय मेहताजी? आम्हाला पन सांगा की."

मी वळलो. म्हणालो, "भात चांगलं आलंय."

"आलंय ना!" ते खूश झाले.

वहिनींनी कप माझ्यापुढे ठेवला. पदर तोंडाशी धरून हळूच म्हणाल्या, "आता त्यांना नका सांगू. त्या डोंगराची गोष्ट अजून सांगतात सगळ्यांना, हसून हसून."

"काय म्हनली ती?" मुकादमांनी विचारलं.

"चहा घ्या म्हणाल्या," मी म्हटलं.