कुंकू लागलेला कीबोर्ड
नव्या रेक्झिनचा वास आला की मला तो कीबोर्ड आठवतो. आमचे हे वारूळवाडीच्या लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचे, तोही भाड्याचा. त्या उन्हाळ्यात सुपाऱ्यांवर सुपाऱ्या येत होत्या, एकेका दिवशी दोन-दोन लग्नं. "साठवून दिवाळीला घेऊ," असं मी म्हणत होते. "चालू धंद्यात हप्ते कवाच फिटतील," म्हणत यांनी नारायणगावातून हप्त्यावर नवाकोरा आणलाच. सासूबाईंनी तो पाटावर ठेवून हळद-कुंकू वाहिलं आणि सहज बोलल्या, "म्होरल्या म्हैन्यात सिंहस्थ लागतोय, म्हून समदी लग्नं उरकून घेत्यात. मग वरीसभर कोन लगीन काढतंय?" मागच्या सिंहस्थात हे शाळेत होते, यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. यांनी कीबोर्ड त्याच्या रेक्झिनच्या पेटीत घातला आणि तसेच निघाले, मी मागोमाग. दुकानदार माणूस चांगला होता, पण झाकण उघडल्यावर त्याने हात मागे घेतला. "पूजा झालेला माल परत कसा घेऊ, भाऊ? दुसऱ्याला नवा म्हणून कसा विकू?" हे तिथेच पायरीवर बसले आणि शर्टाच्या टोकाने पट्ट्या पुसू लागले. घामेजल्या हाताने कुंकू आणखीच पसरत गेलं. मी हात धरला तरी हे थांबेनात. पुढचं वर्ष आम्ही कसं काढलं ते सांगवत नाही. पट्ट्या केव्हाच पांढऱ्या झाल्या, पण आजही वाजवायला बसले की हे आधी शर्टाचं टोक हातात घेतात.