नाकाची पिकप, बिननाकाची पिकप

पहिल्या पिकपला नाक होतं. लांब, पुढं आलेलं, आणि घाट असो-नसो, जाळीतून वाफ सोडणारं. समोरची काच दोन तुकड्यांची, मध्ये लोखंडी पट्टी, त्यामुळं रस्ता कायम वाटणी झाल्यासारखा दिसायचा. सकाळी हँडल मारल्याशिवाय ती उठायची नाही, आणि पेट्रोल तर म्हैस पाणी पिते तसं प्यायची. आता आमच्या घरातली पोरं गाड्यांची मासिकं उघडून फर्स्ट जनरेशन, सेकंड जनरेशन करत बसतात आणि मला समजावून सांगतात. मला! अरे, त्या पिढ्या तुम्ही चित्रात बघितल्या. मी चालवल्यात.

दुष्काळ सरला, आमच्या मंद्रूपच्या विहिरीला पुन्हा पाणी आलं, तेव्हा वांगी-मिरची लावली आणि माझ्या नवऱ्यानं सोलापुरातल्या एका ठेकेदाराची ही जुनी गाडी आणली. पहाटे भाजी मार्केटात पोचवायची, एवढंच तिचं काम. आणली त्या दिवशी सासूबाईंनी नाव विचारलं. नवरा म्हणाला, "पिकप." सासूबाईंचं माहेर अक्कलकोटाकडचं, अर्धं बोलणं कानडीत. त्यांनी मान डोलावली.

"पीकप. म्हंजी पीक वाहती ती. नावातच हाय की!"

कोणी दुरुस्त केलं नाही. मीही नाही, कारण मला तोच अर्थ जास्त पटला. पण त्यातून पुढचं सगळं निघालं. पीक वाहतो तो बैल, मग ही पण बैलच. जेठातल्या पुनवेला आमच्याकडं कारहुणवी असते, तोच आमचा बेंदूर, बैलांचा सण. त्या दिवशी सासूबाईंनी बैलांबरोबर गाडीलाही आंघोळ घातली, नाकाला लालभडक हिंगूळ फासला, आरशाला गोंडे बांधले आणि चाकापुढं पुरणपोळी ठेवली. बेंदराला बैल जुंपत नाहीत, म्हणून गाडीही जुंपायची नाही. वांगी तशीच झाडावर राहिली. लोक हसले. सासूबाईंना हसण्याशी देणंघेणं नव्हतं.

मी चालवायला लागले ती काही हौस म्हणून नाही. नवरा विहिरीत उतरताना पायरीवरून घसरला आणि त्याचा उजवा पाय मोडला. हाड जुळलं, पण घोटा आखडला तो आखडलाच. ब्रेकवर जोर येईना. वांगी काही घोट्यासाठी थांबत नाहीत. खळ्यावर त्याच्याकडून शिकले. तो शेजारी पाय लांब करून बसायचा आणि क्लच सोडताना मी दचका दिला की "आगं आई गं" करायचा. सोलापूरच्या आरटीओ हापिसात साहेबांनी आधी मला, मग माझ्या नऊवारीला पाहिलं आणि म्हणाले, "बाई, आठचा आकडा काढावा लागेल, रांगोळीत नव्हे, गाडीनं." काढला. लायसन घेऊन आले.

मग गावाला उद्योग मिळाला. पारावरची माणसं माझी गाडी दिसली की उठून उभी राहायची. मानानं नव्हे, जीव वाचवायला. माझ्या चाकाखाली आजवर कोंबडीसुद्धा आली नाही. मला बघत बघत सायकलवरून ओढ्यात मात्र चांगली बापई माणसं पडली, आणि त्याचाही बोल मलाच! मला त्या गाडीचं वेड लागलं होतं, हे मी आज उघड सांगते. गावाबाहेर पडल्यावर तिसरा गिअर बसला की आपण कोणाची सून, कोणाची जाऊ, हे सगळं मागं टोपल्यांत जाऊन बसायचं.

आणि थोरल्या दिरांना तेच खुपत होतं. घर एकत्र, शब्द त्यांचा. दोन-तीन बेंदूर गेल्यावर ते एकदम म्हणाले, "जुनं धूड काढू. नवी पिढी आलीया, डिझेलवरची. ड्रायव्हर बी बघितलाय."

मी चुलीपाशी होते. "ड्रायव्हर कशाला, भावजी? मी हाय की."

"ती बाईमानसाच्या हातात बसायची न्हाय. आन् किती दिवस तोंडाला काळं लावून घ्यायचं आमी?"

मी नवऱ्याकडं पाहिलं. तो घोटा चोळत होता. माझा असा संताप झाला की भाकरी तव्यावर करपली आणि मी ती तशीच दोघांच्या ताटात वाढली.

नवी गाडी नेमकी कारहुणवीच्या दिवशी आली. जुनी आदल्या दिवशीच गेली होती. मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही, बघवलं नसतं. नवीला नाकच नव्हतं. तोंड चपटं, भिंतीवर आपटल्यासारखं, काच एकसंध, इंजिन दोन सीटांच्या मध्ये, आणि चालवणारा थेट पुढच्या चाकांवर बसलेला. सोलापूरचा ड्रायव्हर ऐटीत उतरला. मी वडाला सूत गुंडाळून परत येत होते, कारण त्याच दिवशी वटपौर्णिमा. सात जन्म हाच नवरा मागून आलेली मी, आणि हा नवरा त्या ड्रायव्हरला पाण्याचा तांब्या देत होता.

सासूबाईंनी गाडी धुऊन घेतली, हिंगूळ लावला. "आता येशीतनं मिरवायची," त्या म्हणाल्या.

आमच्याकडं त्या संध्याकाळी वेशीत आंब्याच्या डहाळ्यांचं दावं आडवं बांधतात आणि बैल पळवत नेऊन ते तोडतात. त्याला कर तोडणं म्हणतात. थोरल्या दिरांना कल्पना आवडली; नवी गाडी गावाला दाखवायचीच होती. त्यांनी ड्रायव्हरला खूण केली. तो दार उघडायला लागला, तशी सासूबाईंनी त्याचा दंड धरला.

"तू कुटं चाललास?"

"गाडी काढतो की, आजी."

"वरीसभर ज्यानं हाकलं त्यानंच कर तोडायचा. ही रीत हाय. तू हाकलास व्हय आमचं पीक? हिनं हाकलंय."

"आई, ती जुनी गाडी हुती," थोरले दीर म्हणाले.

"बैल बदलला म्हून कुळंबी बदलतो व्हय रं?"

दिरांनी ड्रायव्हरला बाजूला व्हायला खुणावलं. रीत मोडायची तर वेशीत सगळा गाव उभा. मी पदर खोचला आणि चढले. पलीकडच्या सीटवर सासूबाई येऊन बसल्या, जन्मात पहिल्यांदा.

खरं सांगते, पुढं नाक नाही म्हणजे पुढं काहीच नाही. आपण काचेतून रस्त्यावर पडतोय असं वाटत होतं. सासूबाई बैलाला म्हणायच्या तसं कानडीत "नडी, नडी" म्हणत होत्या, चल, चल. वेशीपाशी वळण आहे. नाकाच्या गाडीत जिथं वळायची सवय, तिथंच मी वळवली. पण हिची चाकं माझ्या बुडाखाली! पुढं जाऊन मग वळायला हवं होतं. डावी बाजू वेशीच्या दगडाला घासली, कर्रर्र आवाज झाला आणि दावं तसंच हलत राहिलं.

सगळी वेस हसली. थोरले दीर पुढं धावले. "उतर! म्हनलं न्हवतं? उतर खाली!"

उतरले असते तर पुन्हा कधी चढले नसते, हे मला त्या क्षणी लखलखीत कळलं. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ओरडले, "भावजी, मागं व्हा. मला रिव्हर्स घ्यायचाय."

जन्मात त्यांच्याशी इतक्या मोठ्यानं बोलले नव्हते. ते मागं झाले. मी गाडी मागं घेतली, अंदाज बांधला, आणि आता माझे गुडघे दगडाच्या रेषेत येईपर्यंत हात हलवला नाही. मग वळवली. दावं काचेवर आलं, ताणलं, तुटलं. डहाळ्या टपावरून घरंगळत मागं गेल्या. सासूबाई हसत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला मात्र हसू आलं नाही, फक्त राग होता, आणि तो इतका गोड होता की काय सांगू.

ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी एसटीनं परत गेला. वेशीच्या दगडानं गाडीला पडलेला पोचा मी कधी काढून घेतला नाही. विचारलं कोणी, की सांगायची, माझा आहे.

ही गाडीही झिजली. सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा तिसरी पिढी निघाली. तिला आखूडसं का होईना, नाक परत आलं होतं. ती बघायला सोलापूरला आम्ही तिघं गेलो: मी, नवरा आणि थोरले दीर. दुकानातल्या सुटाबुटातल्या माणसानं मला बाकावर बसायला सांगितलं, चहा मागवला आणि दिरांना गाडीभोवती फिरवत गिअर, लोड, स्प्रिंगा सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. शेवटी त्यानं विचारलं, "मग काय पाटील, कशी वाटली गाडी?"

थोरल्या दिरांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी परत घातली.

"मला काय इचारताय?" ते चिडून म्हणाले. "तिला इचारा. चालवनार ती."