वाशीमच्या तारेतला लाल उजेड

दोन संध्याकाळी फोन आला नाई म्हनून मी वाशीमले गेली. नाईतर मी कायले जाते? लेकरू काखेत घेऊन एकटी मी मालेगावच्या पुढं कधीच गेली नव्हती.

आरूचे पप्पा, म्हंजे माहा घरवाला, वाशीमले केबलच्या कामावर हायेत. शहरात नवीन इंटरनेटचं जाळं टाकून राह्यले, ते काम. रस्ते खोदून पायपा पुरल्या, पायपातून काचेची तार ओढली, केसाइतकी बारीक. घरोघरची तार शहराचीच, तिच्यावर नेट ज्याले ज्या कंपनीचं पाह्यजे त्याचं घ्या. सडक एक अन् गाड्या कोनाच्याबी, तसं. खांबावरचे क्यामेरे, भोंगे, आपोआप लागनारे लाइट, सगळं त्याच जाळ्यावर चालते. तुमच्या घरचं मानूस असं कामावर असन अन् तुमाले जाऊन पाहाचं असन, तर मले काय काय लागलं ते सांगते.

आमच्या घरी आरू जेवाले बसली का त्याहीचा फोन येते. ती दीड वर्साची हाय, फोन पाह्यल्याबिगर घास घेत नाई. शुक्रवारी फोन नाई. शनिवारी नाई. लावला तर बंद. सासू म्हने, "सुटी असन, कुठं गेला असन संगतीच्यायसोबत. येते आपोआप. तू लेकराले घेऊन कुठं फिरशीन?" मले रातभर झोप नाई. रविवारी सकाळीच निघाली.

किन्हीराजाहून एसटीनं मालेगाव, तिथून वाशीमची गाडी. बायायले अर्धं तिकीट हाय, खर्चाचं भेव नका ठेवू. लेकरू संगं असन तर पानी घरूनच न्या अन् एक जास्तीचं दुपटं ठेवा, सकाळी गाडीत लय वारा लागते. मालेगावच्या स्टँडवर पोहे घेतले. तर्री चांगली होती, पन मी एकच घास घेतला. आरूनं तोंडच उघडलं नाई. रस्त्यानं तुरी निघून गेलेली वावरं, मधी मधी हरभरा. डबल डबल फोन लावला. बंद.

वाशीमच्या स्टँडातून बाहेर पाय टाकला अन् खांब बोलला. "लाल ऑटो, मागं घ्या." बाईचा आवाज, एकदम थंडा. ऑटोवाल्यानं गुमान गाडी मागं घेतली. कोनी वरतं पाह्यलंबी नाई, जसा काही तो खांब त्याहीच्या घरचाच हाय. आरूनं मात्र खांबाकडे पाहून हात हलवला. पुढं गेली तर भर उन्हात रस्त्यावरचे लाइट एकामागून एक लागत गेले, अन् तसेच विझत आले माह्यापर्यंत. मी चाल वाढवली.

जिथून सगळे क्यामेरे दिसतात ते हापीस विचारत विचारत गेली. रविवार, चौकीदार एकटाच. त्याले सांगतलं, मानूस सापडून नाई राह्यला. तो म्हने, क्यामेऱ्यातलं मांगचं पाहाले पोलीस ठान्याचं पत्र लागते. तुमी जासान तर ते पत्र घेऊनच जा, नाईतर उभं ऱ्हावं लागते माह्यासारखं.

काचेच्या दारातून आतली भिंत दिसत होती. भिंतभर पुरं वाशीम. लोकं तोंड हलवून राह्यले, हासून राह्यले, भांडून राह्यले, आवाज कायचाच नाई. मी एकेका चौकोनात माह्या मानसाले शोधलं. बाजार पाह्यला, टेशन पाह्यलं. एका चौकोनात नुस्तं एक लोखंडी दार होतं, बंद, समोर कुत्रं झोपलेलं. तिथं मानूस नाई म्हनून मी डोळे पुढं नेले.

चौकीदाराले दया आली. त्यानं केबलच्या मुकादमाले फोन लावून देल्ला. मुकादम म्हने, "तो तं गावाले गेला. शुक्रवारी काम संपलं, दोन दिवस सुटी, सगळेच गेले."

मी म्हनलं, "दादा, गावाहून तं मीच आली."

घरी वाटे ते कामावर, कामावर वाटे ते घरी. दोन दिवस त्याहीले कोनी शोधलंच नव्हतं. शेवटी मुकादम म्हने, तार जोडनारे रामदासभाऊ सुटीवर गेले नाईत, पुसद नाक्यावर हायेत, त्याहीले विचार, मीबी निघतो इथून.

नाक्यावर एका मौशीची चहाची टपरी हाय, मांगंच तिचं घर. चहात अद्रक टाकते, चांगला असते. तिच्या भिंतीतून एक पातळ तार लोंबत होती, शेवटाले फडकं गुंडाळलेलं, त्याले लिंबू-मिरची बांधलेली. आरू तिकडे हात करू लागली तं मौशी म्हने, "नेऊ नको वं तिले तिकडे. कालपासून डोळा मिचकावते ते."

"काय मिचकावते?"

तिनं सांगतलं, कनेक्शन अजून घेतलं नाई, तार नुस्ती टाकून गेले, करंट नाई काही नाई, तरी तिच्या टोकाले लाल उजेड येते अन् जाते. समोरच्या शिंप्याच्या घरीबी तसंच झालं. मांगं एक घर बंद पडून हाय, तिथंबी कोन्या पोट्ट्यायनं खिडकीतून पाह्यलं. लोकायनं तारा भिंतीकडे फिरवून ठेवल्या. कोनी म्हने खड्डे खोदताना काहीतरी जागं केलं.

फडक्यातून लाल दिसलं मले. बारीक बारीक तीनदा, मंग एक लांब. मंग अंधार. मंग परत. मी आरूच्या डोळ्यावर पदर टाकला अन् दूर झाली. खोटं कायले बोलू, मलेबी भेव लागलं.

रामदासभाऊ पुढंच छत्रीखाली बसून होते. पन्नाशीचा मानूस, डोळ्यावर भिंग. मी सगळं सांगतलं, अन् त्या उजेडाचंबी. ते उठून आले, लिंबू पाहून हासले. "मौशे, भुताले लिंबू देतं अन् मले बिनलिंबाचा चहा पाजतं व्हय?" मौशी म्हने, "तू पैले त्याले हात लाव, मंग दात काढ."

त्याहीनं फडकं काढलं. टोक डोळ्याकडे धरू नका म्हने, अन् आपल्या तळहातावर धरलं. हातावर लाल ठिपका पडला. तीन बारीक, एक लांब. त्याहीचं हासनं बंद झालं.

मंग मले सांगतलं. कोनती तार कोन्या घरी जाते हे पाहाले एक मानूस एका टोकातून लाल बॅटरी मारते, दुसरा दुसऱ्या टोकाले पाह्यते. फोन सगळीकडे लागत नाई, म्हनून जो तो आंगठ्यानं बॅटरी झाकून आपला आपला इशारा देते. "तीन बारक्या अन् एक लांब," ते म्हने, "हे तुह्या मानसाचं हाय, पोरी."

"कुठून?"

"सगळ्या तारा एकाच खोलीत जातात. हिंगोली नाक्याच्या पुढं." मंग हळूच म्हने, "पन तिले शुक्रवारपासून कुलूप हाय."

मी हात पुढं केला. त्याहीनं तार माह्या तळहातावर धरली. ऊन नाई, थंड नाई, वजन नाई. माहा मानूस तिथं एवढासा मिचकावत होता. अन् तो ठिपका विझला. आमी थांबलो, परत आलाच नाई. तेवढ्यात समोरून शिंपी वरडला, "इकडे आलं, माह्या घरी आलं."

रामदासभाऊ म्हने, "एकेक तार बदलून राह्यला तो. घरोघरी दार वाजवून राह्यला."

अन् घरोघरी लोकायनं फडकी बांधली होती.

ऑटो केला. भाडं आधी ठरवून घ्या म्हनतात, मी ठरवलं नाई, त्या दादानं घेतलंबी नाई. नवीन लेआउट, एकबी घर नाई, नुस्ते आखलेले प्लाट. मधात लोखंडी खोली, खिडकी नाई, थंडं करनारं मशीन घरघर करून राह्यलं. दारावर क्यामेरा. दारासमोर कुत्रं. तेच दार, हापिसातल्या भिंतीवरचं.

चाबी मुकादमाजवळ, तो अजून रस्त्यातच. रामदासभाऊनं अन् ऑटोवाल्यानं सब्बलीनं कुलूप तोडलं. आतून थंडी बाहेर आली. आरूचे पप्पा मशीनच्या मांगं भिंतीले टेकून बसले होते, ओठ फुटलेले, आंगठा अजून बॅटरीवर, दाबून राह्यले अन् सोडून राह्यले. आमच्याकडे पाह्यलंच नाई. मी आरूले त्याहीच्या मांडीवर ठेवलं तवा आंगठा थांबला.

"फोन लावाचा राह्यला," ते म्हने. आवाज घासल्यासारखा.

दवाखान्यात सलाईन लागलं, तिथं कळलं कसं झालं ते. त्या खोलीत धूळ चालत नाई, म्हनून चपला बाहेर काढाव्या लागतात. संध्याकाळी मुकादम आत डोकावत नाई, दारासमोरच्या चपला पाह्यते. चपला नाई म्हंजे आत कोनी नाई, लावलं कुलूप. शुक्रवारी ह्याहीनं सँडल पिशवीत घालून आत नेल्या होत्या. मशीनच्या आवाजात दार लागलेलं कळलं नाई. लोखंडाच्या खोलीत फोनले रेंज नाई. एक बाटली पानी होतं.

सँडल नवीन होत्या. बाहेर सोडू नका, कोनी नेईन, असं मीच सांगतलं होतं. मुकादम माह्यासमोर उभा होता, मान खाली घालून. मले त्याले लय बोलाचं होतं.

सोमवारी दुपारच्या गाडीनं आमी तिघं घरी आलो. आठ दिवसानं ते परत कामावर गेले. मी भांडली, रडली, पन दुसरं काम कोनतं हाय? आता कुलूप लावाच्या आधी आत जाऊन आवाज द्याचा, असं तिथं ठरलं म्हनतात. फोन येते रोज. आरू जेवते.

तुमी वाशीमले जा, शहर चांगलं हाय, लोकंबी चांगले हायेत. मले मात्र एक सवय लागली. संध्याकाळी बकऱ्यायच्या कोठ्याचं दार लावताना मी आत तोंड घालून म्हनते, "आत कोन हाय?" अन् जरा थांबते. सासू पैले हासे. आता तीबी कंदील धरून उभी ऱ्हायते, अन् मी लाव म्हनली तवाच कडी लावते.