दालमिलचा उलटा करंट

माझा मोठा भाऊ ठेकेदाराकडं लाइनमन होता. दुबलगुंडी गावाकडच्या एका खांबावर तुटलेली तार जोडताना त्याला करंट बसला. लाइन बंद केली का ते सबस्टेशनला फोनवर विचारूनच तो वर चढला होता. करंट आला शेजारच्या दालमिलमधून. मालकानं जनरेटर घेतला होता, पण तो चालू करताना बाहेरची लाइन तोडणारा खटका बसवला नव्हता. मिलची वीज डीपीतून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून, उलटी चढून बंद तारेत गेली. भावाचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला.

चौकशीत मालकानं भावावरच ढकललं. घाईत चढला, तार जमिनीला जोडणारं अर्थिंग लावलं नाही, म्हणाला. ठेकेदारानं अर्थिंगचं सामानच दिलं नव्हतं, पण ते कुणी ऐकलं नाही. मी तेव्हा बीदरला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करत होते. पुढचं सगळं शिक्षण मी त्या मालकाचं तोंड आठवत केलं.

वीज कंपनीत लागले आणि बदली होत होत मी त्याच सेक्शनला इंजिनिअर म्हणून आले आणि पहिली तपासणी त्या मिलची केली. जनरेटर नवा, मोठा. खटका अजून नव्हताच. ऐन तुरीच्या हंगामात मी मिलची जोडणी तोडली, जनरेटरलाही सील लावलं.

तो ऑफिसात आला. आधी कानडीत, मग मराठीत गयावया करू लागला. अंगणात माल पडलाय, आज लाइन द्या, उद्या खटका बसवतो, म्हणाला. मी आधी बसवायला लावला. मग तपासणीच्या दिवशी भावाला गाडीवर मागं बसवून घेऊन गेले.

बाहेरची लाइन बंद करून जनरेटर चालू करायला लावला. टेस्टरनं बाहेरच्या लाइनची तार तपासली. तार कोरडी होती, करंट नव्हता. हमाल भोवती उभे होते. मी मालकाला म्हणाले, "आता तुम्ही हात लावा."

"टेस्टर शून्य दाखवायलाय की, म्याडम. मी कामून हात लावू?"

"माझ्या अण्णालाबी लाइन बंद हाय म्हणूनच सांगितलं होतं."

त्यानं भावाची रिकामी बाही पाहिली. हात थोडा उचलला, परत खाली घेतला आणि तिथंच पोत्यावर बसला. येताना भाऊ गाडीवर मागून म्हणाला, "लई बरं वाटायलंय बघ."

माझं एवढ्यानं भागलं नाही. दर हंगामात मी न सांगता त्या मिलमध्ये जाते, जनरेटर चालू करायला लावते आणि तपासणी संपेस्तोवर मालकाला तारेजवळ उभं करते.