मी स्वतःहून जोडलेला कागद

परवा लातूरच्या कोर्टात मीनाताई भेटल्या. मी अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, एका जुन्या केसच्या निकालाची नक्कल घ्यायला गेले होते... आणि व्हरांड्यातल्या बाकावर त्या दिसल्या. खरं सांगायचं तर पहिल्यांदा वाटलं, त्यांनी बघायच्या आत निघून जावं.

कारण सांगते. मी नांदेडला एका कम्युनिटी कॉलेजात काम करते. तिथे गुन्हेशास्त्र आणि न्यायव्यवस्थेचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे. प्रवेश घेतलेल्या बायकांचा कोर्स मधेच सुटू नये, हे बघायचं काम माझं... हजेरी, नोट्स, परीक्षेचे फॉर्म, कोणाचं बाळ आजारी, कोणाची गाडी चुकली.

मीनाताई मागच्या वर्षीच्या बॅचला होत्या. धर्माबादहून सकाळच्या गाडीनं यायच्या. नवरा हैदराबादला कामाला, घरी सासू-सासरे आणि दोन मुली.

त्यांच्या धाकट्या बहिणीची पोटगीची केस लातूरला चालू आहे. "तीन वर्षं आम्ही नुसती तारीख ऐकून राहिलो मॅडम. आत काय चाललंय, कायबी कळत न्हाई," असं त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. डिप्लोमा झाला की महिला मदत केंद्रात काम मिळेल, अशी आशा होती. आठ महिने त्यांचा एकही दिवस चुकला नाही.

शेवटी कारागृहाची भेट होती. त्या भेटीचा अहवाल दिला नाही तर सर्टिफिकेट नाही. आणि मला भीती वाटायला लागली... बायकांना जेलमध्ये नेतोय, उद्या कोणाच्या घरून कोणी भांडायला आलं तर?

मग मी स्वतःहून एक कागद टाईप केला. 'पती / पालक यांचे संमतीपत्र'. कोणीही मागितला नव्हता. आमच्या कोर्सच्या सरांना वाटलं, नियमच असेल.

ही सवय मला घरातून लागली. चौथीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही, अप्पांनीच घरी शिकवलं. पान पूर्ण झालं की त्यांची सही, मगच पुढचं पान... अजूनही बिनसहीचा कागद मला पुढे सरकवता येत नाही.

मीनाताईंनी तो कागद दोनदा वाचला. "माझीच सही चालंल का?" मी म्हणाले, नाही ताई, घरच्यांचीच हवी. चौतीस वर्षांच्या बाईला मी हे म्हणाले.

त्या कागद घेऊन गेल्या आणि परत आल्याच नाहीत. फोन केला तर सासऱ्यांनी उचलला. "जेलात जायला शिकवता व्हय बायांना? आमची सून येणार न्हाई." पुढे काही बोलायच्या आत फोन कट.

भेटीच्या दिवशी बाकीच्या सगळ्या आल्या. फाटकावरच्या महिला पोलिसांपुढे मी संमतीपत्रांचा गठ्ठा ठेवला. त्यांनी तो उलटून पाहिला आणि हसल्या. "नवऱ्यांच्या सह्या? आमच्याकडं न्हाई लागत बाई. यादी अन् आधार द्या." ...मी गठ्ठा उचलून परत पिशवीत कोंबला.

त्याच दिवशी धर्माबादला जायला हवं होतं. पाया पडून, समजावून, काहीतरी करून त्यांना परत आणायला हवं होतं. कारागृहाची भेट त्यांच्यासाठी नंतरही मागून घेता आली असती. मी गेले नाही. सासरे ओरडतील म्हणून भ्याले... उद्या जाऊ, परवा जाऊ म्हणत राहिले, आणि परीक्षेचे फॉर्म बंद झाले.

तर परवा. त्या बहिणीला घेऊन आल्या होत्या. शेजारी एक अनोळखी आजी हातात कागद धरून रडकुंडीला आल्या होत्या, आणि मीनाताई त्यांना सांगत होत्या, "मावशी, हे समन्स हाय. अटक न्हाई करत कुणी. तारखेला यायचं, बस."

मग त्यांना मी दिसले. "अय्या मॅडम! नांदेड सोडून इकडं कुठं?"

मी एका दमात माफी मागितली. त्यांनी बाकावर सरकून मला जागा केली. "सासऱ्यानं कधी इचारलंच नव्हतं मॅडम, काय शिकती म्हणून. कॉलेजला जाती, एवढंच माहीत. त्यांनी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई... बरं चाललं होतं. तुमच्या कागदानं इचारलं."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी म्हणाले, यंदा परत या, तो कागद मी काढून टाकलाय. "सगळं पहिल्यापासून?" मी मान हलवली. "न्हाई व्हायचं मॅडम. आता घरात समद्यांना कळलंय कोर्स कसला हाय ते. रोज भांडून निघावं लागंल. अन् भांडायचं बळ हितं लागतंय." त्यांनी बहिणीकडे बघितलं. तेवढ्यात शिपायानं नाव पुकारलं, आणि दोघी आत गेल्या.

मी सगळ्यांना सांगत होते की तो कागद काळजीपोटी केला. काळजी होतीच... पण त्यांची नाही, माझी स्वतःची. माझ्यावर काही येऊ नये, एवढीच. यंदाच्या बॅचला फॉर्मवर फक्त त्यांची त्यांची सही आहे, पण त्यानं मीनाताईंचं वर्ष काही परत येत नाही.

हे लिहू का, असं त्यांना मेसेज करून विचारलं. नाव-गाव बदला म्हणाल्या, ते बदललंय. पाठोपाठ दुसरा मेसेज आला, "अन् मॅडम, ह्याला संमतीपत्र कुणाचं लागंल?"

फक्त तुमचं, ताई. तेव्हाही तेवढंच पुरलं असतं.