आधी वजन, मग औषध

मुखेडात माझ्या मामींनी वजन केलं नाही असा जित्ता माणूस कुणी दाखवावा आणि माझ्याकडून चहा प्यावा. मामी सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. कागदोपत्री निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ही गोष्ट त्यांना अजून कुणी सांगितलेली नाही. सांगितलेल्या वयावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. आमच्याकडे म्हातारं म्हणतं, "रझाकाराच्या वक्ताला मी रांगत होतो." लेकराची आई म्हणते, "मागल्या सोयाबीनला पाय फुटले बघा याला." यावरून औषध किती द्यायचं? म्हणून मामी ओट्यावर झोळीचा काटा टांगून बसतात. लेकरू तोलल्याशिवाय तापाच्या औषधाचा थेंबही सांगत नाहीत. एका बाईनं आजोबाची गोळी मोडून अर्धी नातवाला दिली होती. "लेकरू म्हंजे अर्धा म्हातारा हाय का गं?" मामींनी विचारलं. बाई खरोखरच विचारात पडली. कुणाकडे पाहुण्या गेल्या तरी पोह्यांतला चमचा उचलून विचारतात, "यानंच पाजता का औषध?" बाटलीचं मापाचं झाकण सापडेपर्यंत पोहे गार होतात.

या मामींचं ऐकायचं नाही असा पण केलेला गावात एकच माणूस होता, माझे वडील. साखरेचा आजार, वय पंचाहत्तरीपुढचं आणि मारुतीचा कडक शनिवार. "गोळी काय अन्न हाय का? उपासाला चालते," म्हणत ते उपाशीपोटी गोळी घ्यायचे. मामी कळवळून सांगायच्या, "या वयात साखर कवा उतरते ते ज्याचं त्याला सुदिक कळत न्हाई, दाजी. एखाद्या दिवशी उठणार न्हाई तुम्ही." वडील म्हणायचे, "तुमच्या नोकरीहून माझा उपास जुना हाय."

एका शनिवारी दुपारी वडील घामानं निथळले, असंबद्ध बोलायला लागले. आई मीठ-मोहरी उतरवायला धावली, मी मामींकडे. मामींनी त्यांचं बोट टोचून यंत्रात साखर पाहिली, पाणी गिळता येतंय याची खात्री केली आणि साखरपाणी पाजलं. थोड्या वेळानं वडील भानावर आले ते ओरडतच, "माझा शनिवार मोडला!"

"हाव, मोडला," मामी म्हणाल्या. "आता चपाती खा." आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता, पण चपाती संपेपर्यंत त्या वडिलांजवळून हलल्या नाहीत.

वडील पंधरा दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. मधल्या शनिवारी त्यांनी उपासही धरला नि गोळीही घेतली. आम्ही दिवसभर जीव मुठीत धरून त्यांच्याभोवती फिरत होतो. पुढच्या शनिवारी सकाळी मात्र ते न सांगता निघाले. मी मागोमाग गेलो, तर मामींच्या दारात गोळी हातात घेऊन उभे. पेरणीचं असो की लेकीच्या लग्नाचं, जन्मात कुणाला काही न विचारलेला तो माणूस खाली बघत म्हणाला, "वैनी, गोळी आधी का भाकर आधी?"

"भाकर, दाजी."

मामींनी ताट आणलं. वडिलांनी देवळाच्या दिशेला तोंड करून कान धरले आणि घास घेतला. तो घास गळ्याखाली उतरेपर्यंत मामी श्वास रोखून उभ्या होत्या.